अडतीस मडकी

गुरुवारी सकाळी ते मडकं तिसऱ्यांदा उकळलं, तेव्हा हॉलमध्ये तीन-चारशे माणसं होती. मडक्याखाली जाळ नव्हता, शेगडी नव्हती, वायर नव्हती. पाताळनाथ महाराजांनी तांब्याभर थंड पाणी आत ओतलं आणि डोळे मिटले. मिनिटभर काहीच झालं नाही. मग मडक्याच्या पोटात काहीतरी तडकल्याचा आवाज आला, पाठोपाठ खदखद ऐकू आली, आणि पांढरी वाफ तोंडातून वर उसळली. पुढच्या रांगेतल्या बायका मागच्या रांगेवर पडल्या. एक लहान पोर रडायला लागलं, तर त्याच्या आईने त्याचं तोंड पदराने दाबून धरलं.

"बगा," महाराज म्हणाले. "नव्वद वर्सं दाबून ठिवलेला राग हाय ह्यो. अंडरग्राउंड एनर्जी. तुमी फळी उचकटली, त्यानं डोळा उघडला."

"गॅस न्हाई, काय न्हाई," माझ्या शेजारचा माणूस पुटपुटला.

"गप. नाव घिऊ नको. तुज्या घरात उकळंल," त्याची बायको म्हणाली.

मग दिव्याचा खेळ झाला. हॉलच्या मधोमध दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन उघडा होता. तिथल्या सागवानी फळ्या काढलेल्या होत्या आणि खाली अंधार होता. महाराजांनी साखळी बांधलेली पेटती समई त्या अंधारात सोडली. ती शांतपणे तेवत राहिली. मग त्यांनी साखळी गर्दीतल्या एकाच्या हातात दिली आणि तीनदा घंटा वाजवली. ज्योत एका बाजूला कलंडली, थरथरली आणि विझली. दुसऱ्याच्या हातातही तसंच झालं, तिसऱ्याच्याही.

"खालचा श्वास घेतोय," महाराज म्हणाले. "वळखीचा हात असला तर थांबतोय. परका असला की फुकतोय."

शाळेचे अध्यक्ष शिवराज अण्णा हात जोडून उभे होते. गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. "आता ह्याला पाहिजे काय, ते सांगा," ते म्हणाले.

"दोन गोष्टी. ह्या हॉलचं जुनं लाकूड, फळ्या आन् वासे, समदं बाधलेलं हाय. ते भीमेत सोडायचं. टेम्पोची सोय आमी करतो. आन् दुसरं, ज्यानं पाताळाचं तोंड उघडलं, त्याच्या घरातलं कुणीतरी आमावस्येला दुपारी बारा वाजता खाली बसून हे मडकं मांडीवर घेईल. वरनं अभिषेक हुईल. एक घटका. मग शांत."

सगळ्यांच्या माना सिद्राम सुताराकडे वळल्या. फळ्या त्यानेच उचकटल्या होत्या. तो भिंतीला टेकून उभा होता.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. "मिस्त्रीची मनाली पायाळूच हाय की. पाय पुढं करून आलेली."

पायाळू माणसाला जमिनीखालचं दिसतं, असं आमच्याकडे लोक मानतात. हॉलमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. मी त्या वेळी महाराजांकडे बघत होते. क्षणभर ते स्वतःच दचकले. त्यांना एखादा मोठा माणूस हवा होता. मुलीचं त्यांच्या डोक्यात नव्हतं. पण तीनशे माणसं माना डोलवत होती, आणि त्यांनीही मान डोलावली.

मनाली सातवीत आहे. मी तिला विज्ञान शिकवते.

*

हा हॉल सोलापुरात, सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. एका बंद पडलेल्या गिरणीच्या साहेबांनी तो नाचगाण्यासाठी बांधला. दारावरच्या दगडात १९३४ हा आकडा कोरलेला आहे. गिरणी गेली, साहेब गेले, आणि हॉल आमच्या शाळेकडे आला. लाकडी जमीन जागोजागी दबायला लागली, म्हणून परीक्षा संपल्यावर अण्णांनी ती बदलायला काढली. सिद्राम आणि त्याचा जोडीदार महिपती या दोघांनी मधला चौकोन उघडला, आणि वडिलांचा डबा घेऊन आलेली मनाली धावत प्रयोगशाळेत आली.

"बाई, जमिनीखाली खोली आहे."

खोली नव्हती. कमरेएवढ्या उंचीच्या विटांच्या भिंती एकमेकींना समांतर उभ्या होत्या. त्यांच्यावर वासे टाकलेले होते आणि वाशांवर फळ्या. तळाशी काळ्या राखेचा जाड थर होता. त्या राखेत, ओळीने, मातीची मडकी रोवलेली होती, आणि प्रत्येकाच्या तोंडावर पणतीसारखं, भोकं पाडलेलं झाकण होतं. बाहेर बेचाळीस अंश होतं. तरी त्या चौकोनातून गार हवा येत होती. मला ते आवडलं आणि अंगावर काटाही आला.

मनालीने टॉर्च धरून मडकी मोजली, दोनदा. अडतीस. तिने आलेखाच्या कागदावर नकाशा काढला आणि प्रत्येक मडक्याला नंबर दिला. सात नंबरच्या मडक्याचं झाकण फुटलेलं होतं. आत पांढरे, मळकट खडे होते. मी त्यातला एक बाटलीत घातला आणि बाटलीवर तारीख लिहिली. ही माझी सवय आहे. तिचं दुसरं काही कारण नव्हतं.

दुपारी महिपती वासे तपासायला खाली सरपटत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तो छाती धरून, आणि आमच्यासमोर आडवा झाला. त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की त्याने वीस वर्षं यंत्रमागावर काढलेली आहेत, छाती कापसाच्या धुळीने आधीच खराब आहे, आणि त्यात ही नव्वद वर्षांची राख गेली. चार दिवसांत उठेल. तो उठलाही. पण दवाखान्यातली गोष्ट दवाखान्यातच राहिली. हॉलमधली गोष्ट मात्र संध्याकाळपर्यंत नवी पेठेत पोचली होती. त्या गोष्टीत राख चितेची होती, मडक्यात जीव कोंडलेले होते आणि महिपतीचं नरडं कुणीतरी आवळलं होतं.

दोन दिवसांनी पाताळनाथ महाराज आले. हॉलच्या चाव्या अण्णांनी आपण होऊन त्यांच्या हातात दिल्या.

*

गुरुवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळा उघडली आणि ती बाटली काढली. खडा बशीत ठेवला, त्यावर पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसले. एक मिनिट झालं, पाच झाली, पंधरा झाली. पाणी होतं तितकंच गार राहिलं.

मग मी त्या खड्यावर लिंबू पिळलं. तो फसफसायला लागला.

खडा चुन्याचा होता, यात शंका नव्हती. पण भट्टीतून आलेला कळीचा ताजा चुना पाण्यात उकळतो आणि लिंबाने फसफसत नाही. चुना उघड्यावर पडून राहिला की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषत जातो, आणि वर्षांनुवर्षांनी पुन्हा त्याच्या मूळच्या दगडाच्या जातीचा होतो. मग त्याच्यावर कितीही पाणी ओता, तो तापत नाही. लिंबाच्या आंबटाने मात्र साठवलेला वायू सोडतो, म्हणून बुडबुडे येतात. नव्वद वर्षांचा चुना उकळत नाही. महाराजांच्या मडक्यातला उकळला होता.

म्हणजे तो नव्वद वर्षांचा नव्हता. कुणीतरी तो बाजारातून आणून दर वेळी मडक्यात नव्याने भरत होता.

आनंद वगैरे काही झाला नाही. मला एवढंच दिसत होतं की अमावास्येला ते मडकं मनालीच्या मांडीवर असणार, वरून त्यात पाणी पडणार, आणि डोक्यावर वासे असल्यामुळे तिला पटकन उठता येणार नाही. ताज्या चुन्याची उकळी हाताला लागली तर कातडी जाते. डोळ्यात उडाली तर डोळा जातो.

मी सिद्रामच्या घरी गेले. त्याची बायको दाक्षायणी भाकरी थापत होती. मनाली कोपऱ्यात पुस्तक उघडं टाकून बसली होती. ती वाचत नव्हती. मी सगळं सांगितलं, बशीतला खडाही दाखवला.

सिद्रामने ऐकून घेतलं. "बाई, तुमचं शास्त्र खरं असंल. पण महिपती पडला का न्हाई?"

"त्याची छाती आधीच…"

"पडला का न्हाई, तेवढं सांगा."

"पडला."

"मग." त्याने खाली बघितलं. "मी रात्री डोळा मिटतो आन् मला ती राख दिसती. माज्या हातानं उघडलंय मी ते. लोकं म्हणत्यात, आज महिपती, उद्या माजं घर. हितनं पळून तरी कुटं जाऊ?"

"मुलीला भाजेल, सिद्राम."

"न्हाई बसवली तर काय हुईल, ते तुमाला ठावं हाय का? लिहून देता का?"

दाक्षायणीने भाकरी तव्यावर टाकली. भाकरी दुमडली. "तुमाला बोलाया सोपं हाय, बनसोडे बाई," ती म्हणाली. "तुमी बुद्धाचं नाव घेता, देव मानत न्हाई, भूत मानत न्हाई. आमाला दोन्ही मानावं लागतंय. दोन्हीकडनं भ्यावं लागतंय."

माझं नाव बुद्धप्रिया आहे आणि मी भूत मानत नाही, हे खरं आहे. पण भीती वाटायला भूत मानावं लागत नाही.

मनाली दारापर्यंत सोडायला आली. "बाई," ती हळूच म्हणाली, "खाली हवा असते का?"

"असते. भिंतींना जाळ्या आहेत ना बाहेरून. त्या उघड्या असल्या की असते."

"आणि बंद केल्या तर?"

त्या क्षणी मला घंटेनंतर विझणारी समई आठवली.

*

अमावास्येच्या दिवशी सकाळी मी पोलिसांना फोन केला. महाराष्ट्रात अशा प्रकारांविरुद्ध कायदा आहे, हे मला त्यांना सांगायची गरज पडली नाही. पलीकडच्या बाईंना ठाऊक होतं. "मॅडम, मिरवणुकीचा बंदोबस्त आहे. साडेबारापर्यंत गाडी पोचेल. तोवर मुलीला खाली उतरू देऊ नका," त्या म्हणाल्या.

मुहूर्त बाराचा होता. मला अर्धा तास हवा होता, आणि माझा आवाज वर्गातल्या तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही.

हॉलबाहेर टेम्पो उभा होता. भिंतीला उन्हात काढलेल्या फळ्यांची थप्पी लावलेली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती, धुपाने डोळे चुरचुरत होते, आणि एवढी गर्दी असून आवाज नव्हता. सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते, आणि ती गोष्ट बारा-तेरा वर्षांची होती. मनाली उघड्या चौकोनाच्या काठावर बसली होती. केस ओले होते, कपाळभर हळद होती. तिचे पाय आत अंधारात सोडलेले होते. शेजारच्या समईच्या उजेडात ती खाली बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. लोकांना वाटलं, ती मंत्र म्हणते आहे.

मी माणसांमधून वाट काढत तिच्यामागे जाऊन वाकले. ती मंत्र म्हणत नव्हती.

"बाई," ती मान न वळवता म्हणाली, "एकोणचाळीस आहेत."

"नीट मोजलीस?"

"तीनदा. दुसऱ्या ओळीत आपल्या नकाशात नऊ होती. आता दहा आहेत. आणि दहाव्यावर कोळ्याचं जाळं नाही."

घाबरलेल्या माणसाने काय करावं, हे मला त्या मुलीने शिकवलं. ती भीतीने अर्धी झाली होती, आणि मोजत होती.

"बाई, मागं सरा," महाराज म्हणाले.

मी सरळ उभी राहिले. "मी तिची शिक्षिका आहे," मी म्हणाले. "आधी मी खाली उतरून जागा बघते. मग ती."

"मुहूर्त जाईल."

"पाच मिनिटं."

"उतरू द्या की," कुणीतरी म्हणालं. ती शिवबाई होती, हॉलमागच्या चाळीत राहणारी सत्तरीची म्हातारी. "बाई उतरल्या तर तुमच्या पाताळाला काय व्हतंय? लई नाजूक हाय का?"

दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. महाराजांनी गर्दीकडे एकदा बघितलं. "उतर," ते म्हणाले. "दिवा घिऊन उतर. परकं माणूस त्याला चालत न्हाई, हे समद्यांनी बगावं."

मी समई घेऊन खाली उतरले.

वरून पाहिलं होतं तेव्हा ती जागा मोजण्याजोगी होती. आत गेल्यावर नव्हती. उभं राहता येत नव्हतं. राख पावलागणिक उडत होती, तोंडाला रुमाल बांधलेला असूनही तिची चव जिभेवर येत होती. डोक्यावर तीनशे माणसांचं वजन कुरकुरत होतं. उघडा चौकोन मागे पडला आणि पुढे फक्त भिंतींच्या काळ्या गल्ल्या उरल्या. महिपती इथेच आला होता. मी जे जे वाचलं होतं ते सगळं खरं आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही माझे दात वाजत होते.

हवा साचलेली होती. पहिल्या दिवशीचा गार वारा कुठेच नव्हता. मी पश्चिमेच्या भिंतीकडे सरपटले. तिथे ओळीने जाळ्या असायला हव्या होत्या, उजेडाचे चौकोन दिसायला हवे होते. उजेड नव्हता. समई वर धरली, तर जाळी निखळलेली होती आणि तिच्या जागी काहीतरी ओलं, केसाळ, काळं दिसलं.

वर घंटा वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

आणि त्या केसाळ काळ्यामधून, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, एक हात आत आला.

मी ओरडले. वर ऐकू गेलं असणार, कारण वरही किंकाळ्या उठल्या. तो हात बोटं फाकवून चाचपडत होता. त्याने ते केसाळ काळं मुठीत पकडलं आणि बाहेर ओढलं. भगभगीत ऊन माझ्या डोळ्यांत घुसलं, त्यामागून गरम वाऱ्याचा झोत आला, आणि समई विझली.

मग मला त्या हाताचं मनगट आठवलं. त्यावर घड्याळ होतं, काळ्या रबरी पट्ट्याचं, आकडेवालं. ते केसाळ काळं म्हणजे भिजवलेलं गोणपाट होतं.

मला माझीच लाज वाटली. हाताला मालक असतो, एवढी साधी गोष्ट मी तेवढ्या वेळापुरती विसरले होते.

*

मी वर आले तेव्हा एका हातात दुसऱ्या ओळीतलं दहावं मडकं होतं आणि दुसऱ्या हातात सात नंबरचं. तोंड, केस, साडी, सगळं राखेने माखलेलं होतं. माणसं मागे सरकली. मला वाटतं, त्यांना मी बाधा झालेली दिसत असेन. त्या दिवशी लोकांनी माझं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं, ते बहुधा त्यामुळेच.

"पश्चिमेच्या भिंतीबाहेर एक माणूस ओलं पोतं घेऊन बसलाय," मी म्हणाले. "हातात काळं घड्याळ आहे. तीन घंटा झाल्या की तो जाळीतलं पोतं काढतो आणि वारा आत येतो. कुणीतरी जाऊन बघा."

खिडकीतली पोरं आधीच खाली उड्या मारत होती. महाराज म्हणाले, "हिला झपाटलं. धरा हिला." कुणी पुढे आलं नाही. शिवबाई मात्र आली आणि माझ्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला तुमच्यातलं एक लिंबू द्या," मी महाराजांना म्हणाले, आणि त्यांनी द्यायच्या आधीच ताटातलं कापलेलं लिंबू उचललं. दोन मडकी जमिनीवर ठेवली. "हे सात नंबरचं. फळ्या उघडल्या त्या दिवशी हे इथे होतं, मनालीच्या नकाशात आहे. हे दुसरं त्यात नाही. आधी अडतीस होती. आता एकोणचाळीस."

मी अभिषेकाचा तांब्या घेऊन सात नंबरच्या मडक्यात पाणी ओतलं. काही झालं नाही. सगळे वाट बघत राहिले. मी त्यात बोटं घालून ढवळलं आणि ओला हात वर धरून दाखवला.

"ह्याचा राग गेलाय वाटतं," शिवबाई म्हणाली.

मग मी त्यातला एक खडा वर काढून त्यावर लिंबू पिळलं. पांढरा फेस आला. मी जुना चुना आणि नवा चुना यांतला फरक सांगायला लागले, पण माझा आवाज तिसऱ्या रांगेतच संपत होता. म्हणून मी एकच प्रश्न विचारला, जमेल तेवढा मोठ्याने.

"घराला चुना द्यायला कळी कुणी कुणी भिजवली आहे?"

मग एक हात वर झाला, मग दहा, मग इतके की मला मोजता आले नाहीत.

"पाणी टाकलं की काय होतं?"

शिवबाईने दुसऱ्या मडक्यात डोकावलं. आतला एक पांढराशुभ्र खडा उचलून बोटांनी चुरला आणि त्याचा वास घेतला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या डागांनी भरलेले आहेत. "अगं बया," ती सावकाश म्हणाली. "चाळीस वर्सं मी दिवाळीला लोकांची घरं चुन्यानं रंगवली. पिपात कळी टाकायची, पाणी सोडायचं आन् लांब पळायचं. हे डाग त्याचेच की." तिने तांब्यातलं उरलेलं पाणी मडक्यात ओतलं आणि पदर सावरून मागे सरली. आम्ही थांबलो. खडे तडकले, खदखद झाली, वाफ आली.

"ह्याला पाताळ म्हनायचं, तर माज्या पिपाला काय म्हनायचं?" ती महाराजांना म्हणाली.

कुणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे त्या वाफेवर होते, आणि मग एकेक करत ते मनालीच्या मांडीकडे गेले. मडकं कुठे असणार होतं, ते आता प्रत्येकाला दिसत होतं.

सिद्राम गर्दी सारत पुढे आला. त्याने मुलीला काखेत हात घालून काठावरून उचललं, तिची ओली वेणी, कपाळ, हात चाचपले, जणू ती भाजून वर आली होती. मग तिला तसंच धरून तो खाली बसला. "मी सुतार हाय," तो कुणाला म्हणत होता कळेना. "साग पाण्यावर तरंगतो. भीमेत सोडलं तर बुडंल का ते? मला म्हाईत हाय की. मी इचारलंसुदीक न्हाई."

बाहेरून पोरं टेम्पोच्या ड्रायव्हरला घेऊन आली. मनगटावर काळं घड्याळ होतं, पोतं अजून टपकत होतं. त्यांच्यातल्या एकाने थप्पीतली एक फळीही उचलून आणली. तिच्या मागच्या बाजूला खडूने आकडे लिहिले होते. सिद्रामने ते वाचले. "घनफूट," तो म्हणाला. "नदीत सोडायच्या फळीवर घनफूट कशाला लिवलं?" त्याने मान वर केली. "बर्माचा साग हाय हा, अण्णा. आता असला मिळत न्हाई, सोन्याच्या भावानं इकला जातोय."

शिवराज अण्णांनी ती फळी हातात घेऊन आकडे पुन्हा वाचले. महाराज दाराकडे सरकत होते, पण दारात बायका उभ्या होत्या, आणि त्या बाजूला झाल्या नाहीत. बारा वाजून पस्तीस मिनिटांनी पोलिसांची गाडी आली.

*

त्यानंतर अण्णांनी मला शाळेच्या सभेत सगळं समजावून सांगायला लावलं. मी कागदावर लिहून नेलं आणि वाचलं. सोलापूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट लाकूड टाकलं तर ते वाकतं आणि कुजतं. म्हणून त्या वेळच्या गवंड्यांनी जमीन मातीपासून उचलून भिंतींवर ठेवली. खाली गिरणीच्या बॉयलरची राख पसरली, वाळवी आणि ओल वर चढू नये म्हणून. चुन्याची मडकी ठेवली, उरलेली ओल त्यांनी प्यावी म्हणून. समोरासमोरच्या भिंतींत जाळ्या ठेवल्या, वारा एकीकडून शिरून दुसरीकडून जावा म्हणून. त्यालाच आपण श्वास म्हणालो. पुढे रंगकामात कुणीतरी अर्ध्या जाळ्या सिमेंटने बुजवल्या आणि फळ्या दबायला लागल्या. ज्यांनी हे केलं होतं त्यांनी फार विचार करून केलं होतं. त्यांची चूक एकच. कुठे लिहून ठेवलं नाही.

आणि आमची चूक? चुना उकळतो हे न कळणारं माणूस त्या हॉलमध्ये नव्हतं. लाकूड तरंगतं हे न कळणारा सुतार जगात नाही. जे आपल्या हातांना रोज माहीत असतं, ते भीती आपल्याकडून पहिलं काढून घेते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: भीती वाटली तर वाटू द्या, तिची लाज धरू नका. पण कुणाच्या पायावर डोकं ठेवण्याआधी आपल्या हातांना एकदा विचारा, हे आपण कुठे पाहिलंय का? मोजा. दोनदा मोजा.

सिद्रामने जुन्याच फळ्या रंधा मारून परत बसवल्या. महिपती बाहेर खुर्ची टाकून सूचना करत होता. आत यायला त्याला डॉक्टरांनी बंदी केली आहे. सगळ्या जाळ्या उघडल्या. अडतीस मडक्यांत नवा चुना भरला, आणि तो भरायला शिवबाई होती, हातात रबरी मोजे घालून, कुरकुरत.

शेवटची फळी बसवायच्या आधी आम्ही एक पितळी डबा खाली ठेवला. त्यात मनालीचा नकाशा आहे आणि एक कागद आहे, पुन्हा नव्वद वर्षांनी कुणी फळ्या उघडेल त्याच्यासाठी. कागद मी लिहिला: राख कशाची, मडकी किती, चुना कुठला, जाळ्या कशासाठी. लिहून झाल्यावर तो मनालीला वाचायला दिला.

तिने दोनदा वाचला. "बाई, एक राहिलं," ती म्हणाली आणि माझं पेन घेऊन खाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली.

'इथे भीती वाटण्यासारखं काही नाही. तरी वाटली, तर मोठ्यांनी स्वतः उतरून बघावं. मुलीला पाठवू नये.'